मला एकदा उपसा

मी हौद बोलतोय. आंजी मोठी गावातल्या नलूच्या अंगणातला, सिमेंटचा, सहा फूट लांब आणि तीन फूट खोल. एरवी मी बोलत नाही. पाणी धरून गप्प बसायचं हेच माझं काम. पण उद्या सकाळी मुरुमाची ट्रॉली येणार आहे आणि मला बुजवणार आहेत. त्याआधी एक गोष्ट कोणाच्या तरी कानावर घालायलाच हवी, नाहीतर ती माझ्यासोबत गाडली जाईल. म्हणून घाईघाईनं सांगतो, मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

मला श्रावणनं बांधलं. श्रावण म्हणजे नलूचा नवरा, गावातला गवंडी. दुसऱ्यांची घरं बांधण्यात त्याचा जन्म गेला, घरच्या कामाला मात्र त्याला मुहूर्त सापडत नसे. शेवटी त्याच्या थोरल्या भावानं, नत्थूजीनं, बैलांच्या पाण्यासाठी त्याच्यामागं लकडा लावला, तेव्हा कुठे चार दिवसांत मी उभा राहिलो. विटा कोणाकोणाच्या कामावरून उरलेल्या, एकही दुसरीच्या मापाची नाही. पण गिलावा असा घोटला की हात ठेवला तर घसरावा.

काम संपल्यावर त्यानं खिशातून खिळा काढला आणि माझ्या बाहेरच्या अंगावर, ओल्या सिमेंटवर, 'श्रावण' असं नाव आणि खाली तारीख कोरली. इकडच्या गवंड्यांची ती रीतच आहे. चारचौघांत तोंड उघडायला लाजणारा माणूस, पण गावातल्या कितीतरी ओट्यांवर आणि पायऱ्यांवर त्याचं नाव सापडेल. जे काम मनापासून झालं त्यावरच तो नाव टाकी.

बरीच वर्षं मी बैलांना पाणी पाजलं. मग ट्रॅक्टर आला, बैल विकले गेले आणि मी कोरडा पडलो. माझ्यात पालापाचोळा साचला, एका कुत्रीनं पिल्लंसुद्धा दिली. रिकाम्या हौदाला कोणी विचारत नाही, हे मी तेव्हा शिकलो.

त्याच सुमारास नलूची लेक मोनाली तापानं आजारी पडली. महिनाभर ताप हटेना. हिंगणघाटला नलूची बहीण राहते, सुलोचना; ती येशूच्या प्रार्थनेला जायची. तिच्यासोबत नलूही जाऊ लागली. दवाखान्याची औषधं चालूच होती, पोरगी बरी झाली. पण नलूचं मन त्या प्रार्थनेत गुंतलं ते गुंतलंच. जेमतेम चौथी शिकलेली बाई, ओळीवर बोट ठेवून ठेवून ती पुन्हा वाचायला शिकली. पुढे रविवारची प्रार्थना तिच्याच अंगणात भरू लागली. चर्चच्या मंडळीचे पाळक प्रफुल पास्टर मोटरसायकलवर यायचे. एकदा त्यांनी माझ्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "नलूताई, बाप्तिस्म्याले नदीवर काऊन जायचं? हौद आहे नं घरी."

त्या दिवसापासून माझं डोकं फिरलं. शनिवारी नलू माझ्या तळाच्या भोकाचा दट्ट्या काढून मला उपसायची, काथ्यानं घासायची, ताजं पाणी भरायची. रविवारी पांढऱ्या कपड्यांतली माणसं माझ्यात उतरायची. पास्टर त्यांना मागे झुकवून पाण्याखाली नेत आणि वर काढत, बायका टाळ्या वाजवून गात. नलू काठावर उभी राहून बारीक नजरेनं पाही. केसाचं टोक जरी कोरडं राहिलं तरी म्हणायची, "पास्टरजी, अजून एकदा!" रुपेश नावाचा एक धिप्पाड गडी होता, डोकं आत गेलं की त्याचे गुडघे वर येत, गुडघे दाबले की डोकं वर. त्याला तीनदा बुडवावं लागलं. पास्टरांनाही हसू आवरेना.

मला मात्र वाटायला लागलं की स्वर्गाचं दार ते मीच. कालपर्यंत बैल माझ्यात तोंड घालत होते हे मी साफ विसरलो.

श्रावण कधी माझ्यात उतरला नाही. प्रार्थना चालू असताना तो ओट्यावर शेंगा सोलत बसे. शब्द न् शब्द ऐके, पण 'हो' नाही आणि 'नाही' नाही. लोक गेले की नलू त्याला धरायची.

"तुमी प्रभूले मानता का नाई? एकडाव सांगून टाका."

"पाहू पुढच्या रविवारी."

"तुमचा पुढचा रविवार कधी येन? मी मेल्यावर वर एकटीच राहू काय?"

"काऊन, तिथंही तुले माह्यासंग भांडाचं आहे?"

असं म्हणून तो हसायचा. तीही हसायची, पण मग माझ्या काठाशी येऊन पदराला डोळे पुसायची. श्रावणला ते माहीत नव्हतं. मला होतं.

मग श्रावणची किडनी गेली. आठवड्यातून दोनदा वर्ध्याच्या दवाखान्यात रक्त साफ करायला जावं लागे. त्यासाठी मानेत नळी घातलेली. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, नळीला पाणी लागता कामा नये, आंघोळसुद्धा अंग पुसूनच. नलू घरी आली ती सरळ माझ्याजवळ आली आणि काठाशी बसली. नवरा आता पाण्याखाली जाऊच शकत नव्हता. तिच्या हिशेबी दार बंद झालं होतं.

पास्टर आले तेव्हा तिनं त्यांना विचारलं, "पास्टरजी, हे बिना बाप्तिस्म्याचे गेले तर यायचं तारण, यायचा उद्धार कसा होईन?"

पास्टर माझ्या काठावरच बसले होते. म्हणाले, "पाणी तारत नाई, नलूताई. तारतो प्रभू. येशूच्या बाजूच्या क्रुसावर टांगलेला तो चोर, त्याचा कुठं बाप्तिस्मा झालता? त्यानं मरता मरता येशूवर भार टाकला, तेवढ्यावर त्याले घेतलं नं प्रभूनं."

"पण त्यानं तोंडानं म्हणलं होतं. यायनं अजून म्हणलं नाई. यायच्या मनात काय आहे ते मले कसं समजन?"

पास्टर म्हणाले, "म्हणू द्या त्यायले. येत्या रविवारी नाई, तर त्याच्या पुढच्या. पाण्याचं मंग पाहू."

खरं सांगतो, मला राग आला. 'पाणी तारत नाई' म्हणे! मग इतकी वर्षं मी काय झक मारली? दोन दिवस मी घुश्शात होतो. त्यात माझ्या कोपऱ्याला तडा गेलेला, पाणी झिरपून जात होतं, आणि नलू बिचारी नळावरून गुंड, म्हणजे पितळी घागरी, आणून आणून मला भरत होती.

पुढच्या बुधवारी दुपारी नलू मोनालीला वर्ध्याच्या बसमध्ये बसवून द्यायला गेली. घरात श्रावण एकटा. थोड्या वेळानं तो एका हातानं भिंत धरत धरत बाहेर आला. दुसऱ्या हातात घमेलं, त्यात सिमेंट, छिन्नी आणि थापी. त्यानं दट्ट्या काढला, पाणी जाऊ दिलं आणि पाय सोडून माझ्या तळाशी उतरला. हो, श्रावण माझ्यात उतरला. पण मी कोरडा असताना.

त्यानं छिन्नीनं तडा मोकळा केला, सिमेंट कालवलं आणि लावायला घेतलं. दोन थाप्या मारायच्या, धापा टाकायच्या, परत दोन. हात सुजलेले, पण थापी तशीच चालत होती. काम करता करता तो माझ्याशी बोलू लागला. गवंडी लोक भिंतीशी बोलतात, तुम्ही पाहिलं असेल.

"नलूले वाटते, तुह्यात बुडलो का मी तरलो. अरे, म्या बांधला तुले. तुही कोणती वीट कोणाच्या घरची, तेही मले ठाऊक आहे. तू मले काय तारशीन? ज्यानं मले बांधलं, तोच माही डागडुजी करन."

मग त्यानं थापी खाली ठेवली. मान खाली घातली. आणि म्हणाला, "प्रभू, लोकायसमोर बोलाले मले जमत नाई. माह्यात आता काई राह्यलं नाई. हातात जोर नाई, तुले द्याले काई नाई. तू माह्यासाठी जीव देल्ला, तेवढंच माह्यापाशी आहे. असाच घे मले."

इतकंच. दहा वर्षं मी प्रवचनं ऐकली, पण विश्वास म्हणजे काय ते मला त्या दुपारी समजलं. हा माणूस कधी दुसऱ्याच्या हातच्या कामावर विसंबला नाही. बांधलेली भिंत दहा वेळा ओळंब्यानं तपासणारा. त्यानं आपलं सगळं ओझं, सुजलेले हात, बिघडलेलं रक्त, राहून गेलेले सगळे रविवार, दुसऱ्याच्या हाती दिलं आणि तपासायला थांबला नाही. माझी सगळी ऐट उतरली. मी लाजलो.

मग त्यानं खिशातून खिळा काढला. तळाच्या कोपऱ्यातल्या ओल्या सिमेंटवर, काठावरून सहज दिसू नये असं बारीक कोरलं: श्रावण प्रभूचा. रीतीप्रमाणं तारीखही टाकली. अक्षरं वाकडी आली. पण वाचता येतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधारातच, सिमेंट धरल्यावर त्यानं खिडकीतूनच नलूला हाक मारून मला भरून घ्यायला सांगितलं. ती पाणी ओतत होती आणि तो आतून बोलत होता.

"सात दिवस पाणी हटू देजो नको, नलू. सिमेंटले पाणी पाह्यजे. मंग तूच उपसजो, तुह्या हातानं."

"मीच काऊन?"

"उपसशीन तवा पाहजो."

"आन् तुमची साक्ष? प्रभूले मानता का नाई, ते सगळ्यायसमोर कधी सांगसान?"

"त्या रविवारी. सगळं एकदाच."

तो हसत होता. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं बायकोसाठी काहीतरी लपवून ठेवलं होतं.

शनिवारी वर्ध्याला जाताना ऑटोतच तो गेला. दवाखाना गाठलाच नाही.

संध्याकाळी त्याला माझ्याशेजारी आणून ठेवलं. अंगणात गाव जमा झालं. नत्थूजी रडत रडत नलूसमोर आला. माणूस वाईट नाही. चतुर्थीला केळझरच्या गणपतीला जाणारा, पण भावजयीच्या प्रार्थनेला त्यानं कधी आडकाठी केली नाही. त्यानं सरळ विचारलं, "नलू, तो तुमच्यातला होता का आमच्यातला? तू म्हणशीन तसं करू. माती देऊ नाईतर अग्नी देऊ."

पास्टरही तिच्याकडेच पाहत होते. नलूला खोटं बोलता आलं असतं, कोणी विचारलं नसतं. पण देवासमोर ती खोटं बोलणारी बाई नाही. ती म्हणाली, "भाऊजी, मले त्यायनं कधी सांगतलं नाई."

मी ओरडलो. माझ्या तळापासून ओरडलो. आहे, इथं लिहिलेलं आहे, दट्ट्या काढा! पाण्यावर साधा तरंगही उठला नाही.

त्याला अग्नी दिला. अग्नीनं काही बिघडलं असं मला वाटत नाही. ज्याचा तो होता, त्याला राखेतूनही तो ओळखू येईल. पण नलूच्या मनानं घेतलं की नवरा कायमचा तुटला, आणि आता वर गेल्यावरही भेट नाही.

या गोष्टीला सात महिने झाले. तेव्हापासून तिनं मला एक दिवसही रिकामं होऊ दिलं नाही. त्याचं शेवटचं काम, त्यानं पाणी हटू देऊ नको म्हणून सांगितलेलं. सात दिवस कधीच संपले, पण ती रोज गुंड आणून मला काठोकाठ भरते. 'मंग तूच उपसजो' हे ती विसरली असेल, किंवा आठवत असूनही म्हणत असेल, बुडणारंच राहिलं नाही, उपसायचं कोणासाठी? ज्या पाण्यानं ती त्याची आठवण जपते, त्याच पाण्यानं तिनं त्याचा शब्द झाकून ठेवला आहे. वरून शेवाळ धरलं. तळ आता मलाच नीट दिसत नाही.

रविवारची प्रार्थना तिनं बंद केली. पास्टर दोनदा येऊन गेले. म्हणाले, "नलूताई, देवाले माणसाचं हृदय दिसते."

"मले नाई दिसत नं, पास्टरजी," ती म्हणाली आणि आत निघून गेली. संध्याकाळी माझ्या काठावर बसून ती पाण्याकडे पाहत विचारते, "कुठी गेले तुमी?" आणि उत्तर तिच्या पायाखाली तीन फुटांवर असतं.

परवा नत्थूजी आला. गावात डेंग्यूचे पेशंट निघाले, साचलेलं पाणी ठेवू नका म्हणून ग्रामपंचायतीचा माणूस सांगून गेला होता. शिवाय मोनालीसाठी इथं एक खोली काढायची आहे. नलूनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "बुजवून टाका, भाऊजी. काय करायचं आता ठेवून?"

मला आशा वाटली. बुजवायच्या आधी उपसतील तरी! पण नत्थूजी म्हणाला, "पाणी राहू दे तसंच. पाण्यात मुरूम चांगला दबून बसते."

तर उद्या सकाळी ट्रॉली येईल. मला माझ्या जिवाचं काही वाटत नाही. विटा होत्या, पुन्हा मातीत जातील. मी कोणाला तारलं नाही आणि कधी तारणारही नव्हतो, हे मला माझ्या गवंड्यानं शिकवलं. पण त्याचा शब्द माझ्यापाशी ठेव म्हणून राहिला आहे, आणि ज्या बाईचा तो आहे ती माझ्याच काठावर बसून रोज थोडी थोडी मरते आहे.

तुम्हाला तोंड आहे, हात आहेत. आंजीला या. ट्रॉली अंगणात शिरायच्या आधी या. नलूला काही समजावत बसू नका, तिनं खूप ऐकलं आहे. फक्त तळाचा दट्ट्या ओढा, आणि कोपऱ्यातलं शेवाळ हातानं पुसा. सहा अक्षरं आहेत. नलूला वाचता येतं.