व इतर

छापखानेवाली बाई तो अपमान वर्षभर उराशी धरून बसली होती.

गेल्या वर्षी इतिहास मंडळानं जुन्या फोटोंचं प्रदर्शन मांडलं. त्यातल्या एका फोटोत घड्याळाच्या मनोऱ्यासमोर तिचे गवंडी बाबा हातात थापी घेऊन उभे होते आणि खाली लिहिलं होतं, ‘ठेकेदार व इतर’. तिनं फोटोतल्या अकरा गवंड्यांची नावं कागदावर लिहून नेली, तर मंडळाचे सेक्रेटरी हसले. “अहो बाई, सगळ्यांची नावं लिहीत बसलो तर जागा पुरायची नाही!”

यंदा मंडळाची कार्यक्रमपत्रिका तिच्याकडेच छापायला आली. जुन्या गल्ल्यांतून फेरी, एक व्याख्यान आणि शेवटी अध्यक्ष नि सेक्रेटरींचा जंगी सत्कार. तिनं प्रूफ पाठवलं. सेक्रेटरींनी न वाचताच त्यावर झोकात सही ठोकली.

पत्रिका घरोघरी वाटून झाल्या, तेव्हा कुठे ते तणतणत छापखान्यात आले.

“सत्कारात माझं नाव कुठंय?”

“हे काय.” तिनं ओळीवर बोट ठेवलं : ‘सत्कार : मा. अध्यक्ष व इतर.’ “इतरांत आहात की तुम्ही. प्रुफावर सहीसुद्धा तुमचीच आहे.”

“अख्ख्या पत्रिकेत एका नावाला जागा नव्हती?”

तिनं शांतपणे पत्रिका उलटली. मागं ठळक अक्षरांत मनोरा बांधणाऱ्या गवंड्यांची नावं होती, पहिलं तिच्या बाबांचं.

“होती ना. अकरा जणांना पुरली, साहेब. बाराव्याला नाही पुरली.”