कोऱ्या काचा

फलटणजवळच्या छोट्या गावातल्या शाळेला सांगलीच्या एका संस्थेने वीस टॅब दिले, आणि ते सांभाळायला नाथाजींसारखा माणूस आहे म्हणून गाव निर्धास्त झालं. नाथाजी म्हणजे निवृत्त हवालदार, शाळा समितीचे अध्यक्ष. पलटणीत अकरा वर्षं शस्त्रागार त्यांच्या ताब्यात होतं. एक काडतूस इकडचं तिकडं झालं नाही. टॅबही त्यांनी तसेच ठेवले. लोखंडी कपाटात, नंबर घालून, ओळीने. रविवारी चार्जिंग, रोज सकाळी मऊ फडक्याने पुसणं. पोरांना आठवड्यातून एकदा दर्शन, तेही हात पाठीमागे बांधून, दोन पावलं लांबून.

तीन महिन्यांनी संस्थेच्या शरयू मॅडम सांगलीहून तपासणीला आल्या. त्यांच्यापुढे भज्यांची बशी ठेवून नाथाजींनी कपाट उघडलं आणि शाबासकीची वाट बघत ताठ उभे राहिले. मॅडमनी एक टॅब सुरू केला, मग दुसरा, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“हे तर कुणी वापरलेच नाहीत.”

“आवं मॅडम, एका बी काचंवर वरखडा न्हाई. बघा तरी!”

“तेच म्हणतेय मी. असं असेल तर उद्या हे दुसऱ्या शाळेला द्यावे लागतील.”

नाथाजींचं डोकंच चालेना. वस्तू मोडली म्हणून शिक्षा झालेली त्यांनी पाहिली होती. जपली म्हणून शिक्षा, ही कुठली रीत? रागवावं तर बाई गोड बोलत होती. चूक मानावी तर चूक सापडत नव्हती. आणि दारात त्यांची सातवीतली नात शिवांजली उभी होती. टॅबवर प्रोग्राम लिहून विहिरीवरची मोटर चालू-बंद करता येते, हे तिने कुठंतरी वाचलं होतं. तेव्हापासून रोज एकच भुणभुण, “आबा, आमाला कवा?”

“घ्या रं पोरांनो,” नाथाजी गोंधळलेल्या आवाजात म्हणाले. “आत्ताच घ्या.”

वीस टॅब बाकांवर मांडले गेले. वीस पोरं समोर उभी राहिली, हात पाठीमागे बांधून. कुणी हलेना. शिवांजलीसुद्धा.

“अगं, घे की!”

“डाग पडंल, आबा.”

नाथाजींनी नातीकडे पाहिलं. पोरीचे डोळे टॅबवर खिळलेले, आणि हात मात्र पाठीमागे घट्ट. हे आपणच शिकवलं. आता उलटं कसं शिकवायचं, ते काही त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी भज्यांच्या बशीत अंगठा घोळवला आणि पहिल्या नंबरच्या काचेवर दाबला. चांगला तेलकट ठसा उमटला.

“पडला डाग. झालं का काय?”

पोरं खुदखुदली. शिवांजलीने एक हात सोडवला, त्या ठशाशेजारी बोट टेकवलं आणि पडदा उजळला. मग एकच झुंबड उडाली. मॅडमनी टॅब परत नेण्यासाठी काढलेला कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

सवयीने नाथाजींनी खिशातलं फडकं काढलं. सगळ्या काचांवर बोटंच बोटं होती. फडक्याचं आता करायचं काय, ते न कळून त्यांनी आपला अंगठाच पुसला.