उतरताना पाहिलेली वाट

“या माणसाला स्वल्पविराम म्हणजे मीठ वाटतं की काय? दिसलं वाक्य, टाक चिमूटभर!” मोठी जाऊ माझ्या कानाशी पुटपुटली.

“ऐकू येतंय मला,” समोरच्या खुर्चीतून भाऊजी म्हणाले.

“ऐकू यावं म्हणूनच बोलले.”

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. त्यांच्या लेखांचं पुस्तक निघत होतं आणि आम्ही दोघी जावा जेवणाच्या टेबलाशी खांद्याला खांदा लावून प्रुफं तपासत होतो. मी वर्तमानपत्राचं जुनं कात्रण मोठ्याने वाचायचं, तिने छापील कागदावर पेन्सिल फिरवायची. भाऊजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डॉक्टरांनी वाचायला बंदी केली होती, ऐकायला नव्हती. म्हणून ते डोळे मिटून आमच्या चुका काढत बसले होते.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्यांनी जन्मभर कारकुनी केली. पण गावात त्यांना ओळखायचे ते रविवारच्या लेखांमुळे. कुठला पूल कोणी बांधला, कुठल्या कड्यावर ससाणा घरटं करतो, सुट्टीच्या दिवशी पायी कुठे जाऊन यावं. लोक कात्रण खिशात घालून निघायचे.

एक गोष्ट मात्र लोकांना माहीत नव्हती. भाऊजींना छातीचं दुखणं होतं, चढ वर्ज्य. ते बसने डोंगराच्या माथ्यावर जायचे आणि तिथून रमतगमत खाली यायचे. वाचक तर गावातून निघून वर चढणार. मग घरी आल्यावर भाऊजी टेबलाशी बसून अख्खी वाट उलटी करायचे. शेवट आधी, सुरुवात शेवटी, डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं. “स्वेटर उलटा करतात तसं,” म्हणायचे. घरातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं आणि आम्हाला त्याचं हसूच यायचं.

माझा नवरा त्यांचा धाकटा भाऊ आणि पहिल्या नंबरचा वाचक. चालायचं मात्र नाव नको. घर ते दुकान, दुकान ते घर. “अरे, नुसतं वाचून पायांना व्यायाम होत नाही,” भाऊजी चिडवायचे. “तू चाल, मी वाचतो. घरात दोघं दोघं वेडे कशाला?” हे म्हणायचे.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात खिंडीवरचा लेख आला आणि काय मनात आलं कोण जाणे, हे नवे बूट घालून एकटेच निघाले. कात्रण खिशात होतंच.

ते सापडले जुन्या दगडखाणीच्या तळाशी.

निरोप घेऊन वनरक्षक आला. बिचारा दारातच उभा राहिला. म्हणाला, “खाणीकडे कसे वळले हे? खिंडीत जाणारा प्रत्येक जण जुन्या जकात नाक्यापाशी उजवीकडे वळतो.”

घरात सगळे होते. मग जाऊ म्हणाली, “धुकं होतं.”

तेव्हापासून त्या धुक्याला आम्ही फार राबवलं. भेटायला येणाऱ्यांना धुकं, फोनवर धुकं, एकमेकींना धुकं. तेराव्याचे दिवस झाल्यावर मी भाऊजींच्या फाइलमधलं कात्रण काढून पाहिलं. नाक्यापाशी डावीकडे वळा, असं छापलं होतं. जावेनेही पाहिलं असणार, कारण कात्रणांची फाइल मग कपाटाच्या अशा फळीवर गेली, जिथे तिचा स्वतःचाही हात पुरत नाही. भाऊजींनी लिहिणं थांबवलं. विचारलं तर म्हणायचे, डोळे दुखतात.

आता पुस्तक. हौस छापखानेवाल्याची, घोर आमच्या जिवाला. “तो खिंडीचा काढून टाका, पुस्तक जाड होतंय,” जावेने चार वेळा सांगून पाहिलं. भाऊजी हलले नाहीत. “राहू दे. त्याने वाचलेला शेवटचा आहे.”

म्हणजे तो लेख छापला जाणार आणि कोणाचा तरी नवरा, कोणाची तरी मुलगी ते पान उघडून नाक्यापर्यंत जाणार. मी रात्र रात्र तोच विचार करत होते. चूक सुधारायची तर चूक म्हणायला हवं. आणि एवढ्या थकलेल्या माणसासमोर ते म्हणायचं कोणी?

त्या दुपारी तो लेख आलाच. मी वाचायला घेतला. ओढा झाला, साकव झाला.

“जकातीच्या पडक्या नाक्यापाशी वाट फुटते. धोबी पक्षी शेपटी हलवत पुढे पुढे पळत असतो. इथून उजवीकडे वळा.”

जावेची पेन्सिल थबकली. तिच्या कागदावरही माझ्या कात्रणासारखंच ‘डावीकडे’ होतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. शब्दावर एक रेघ मारली, बाजूला दुसरा लिहिला. अक्षर इतकं बारीक, जणू चोरी करत होती. मी घाईने पुढचं वाक्य सुरू केलं.

“थांब,” भाऊजी म्हणाले. “धाकटे, मागचं परत वाच.”

“इथून उजवीकडे वळा.”

“तसं नाहीये ते.”

“तसंच आहे,” जाऊ म्हणाली. “कागद माझ्यापुढे आहे. तुम्ही गप्प पडून राहा, डोळ्यांना ताण नको.”

“कानांनी ऐकतोय मी, डोळ्यांना कसला ताण?”

“भाऊजी, चहा टाकू का?” मी म्हटलं. आमच्या घरात अडचणीवर दुसरा उपाय आम्हाला येत नाही.

“बस.” त्यांनी डोळे उघडले. लाल, पाणावलेले, ऑपरेशनमुळे की कशामुळे ते कळेना. “ओढा उलटवला मी. साकव उलटवला. नाक्याशी आलो आणि हिने जेवायला हाक मारली. जेवून परत बसलो ते पुढच्या ओळीवर.”

“अहो, धुकं होतं,” जाऊ म्हणाली. तिचा आवाज फाटला.

“होतं ना. समोरचं दिसत नव्हतं म्हणूनच त्याने कात्रण काढलं असेल.”

जावेने पेन्सिल खाली ठेवली. भाऊजी आता फक्त माझ्याकडे बघत होते.

“तो चुकला नाही, धाकटे. मी चुकीचं लिहिलं आणि माझा भाऊ त्याप्रमाणे वळला.”