उजवी बाजू राहिलीय

चार्ज देते, ऐका. पाळी संपली की पुढच्या नर्सला पेशंटची माहिती देतात, तसा.

पेशंट नाम हेरिम (नाम हे आडनाव). बाई, चौतिशीची. दक्षिण कोरियातल्या मोकपोच्या एका हॉस्पिटलात इमर्जन्सीची नर्स. शुद्धीवर आहे. चालते. चालू नये, पण चालते. काहीही विचारलं की "ठीक आहे" म्हणते, त्यावर विश्वास ठेवू नका.

पेशंट मीच.

टाच

झोपून उठलं की पहिली ती बोलते. जमिनीवर टेकवली की आत काच राहून गेल्यासारखं. मग मी कडेकडेने चालते, बाथरूमपर्यंत खेकडा, स्वयंपाकघरापर्यंत बदक. बूट घातले की माणूस. बूट काढले की पुन्हा खेकडा.

पाठ

दुखण्याच्या पट्ट्या. वर दोन, खाली दोन, एक आडवी. हॉस्पिटलात माझ्या आधी माझा वास पोचतो, कापराचा. एका आजोबांनी डोळे मिटूनच विचारलं होतं, "आमची ही आली का?"

मूत्राशय

याबद्दल आमच्यात कुणी बोलत नाही. पाणी प्यायलं की जावं लागतं. जायचं तर आपले पेशंट कुणाला तरी सांगून जावं लागतं. आणि आपल्या पेशंटचं काम आपणच संपवायचं, कामाची पाळी मध्येच दुसऱ्याच्या गळ्यात टाकायची नाही, हे इथं पहिल्या वर्षी हाडात मुरतं. पाळी बदलतानाच चार्ज द्यायचा, त्याआधी दिला तर तो आळस. म्हणून पाणीच प्यायचं नाही. आणि पाणी न पिता जीव गळाला की चादरींच्या खोलीत जायचं, कुणीतरी एक सलाईनची बाटली टांगतं, ती अर्धी जाईपर्यंत कपाटाला टेकून उभं राहायचं, मग पुन्हा बाहेर.

तोंडाने पाणी नाही, शिरेतून पाणी. आम्हाला यात काही विचित्र वाटत नाही.

कान

त्या दिवशी रात्रपाळी संपली, सकाळचा चार्ज देऊन झाला, आणि आमच्या हेड सिस्टर युक मॅडम मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या,

"हेरिम, डोळ्यांच्या ओपीडीत जागा झालीय. बसायला खुर्ची आहे. रविवारी सुट्टी. डोळ्यांचे पेशंट पळत येत नाहीत."

"मॅडम, मला इथंच राहायचंय."

"तुला राहायचंय गं. तुझ्या कमरेला विचारलंस? काल ट्रॉली ढकलताना भिंत धरून उभी होतीस. मी पाहिलं."

"दमले होते जरा."

"जरा! तुझं 'जरा' गेली तीन वर्षं ऐकतेय. उद्या दुपारच्या पाळीला येशील तेव्हा उत्तर घेऊन ये. 'बघते' नकोय मला. उत्तर पाहिजे."

आणि त्या गेल्या. त्या चालल्या की त्यांचे गुडघे वाजतात. आम्ही सगळे न ऐकल्यासारखं करतो.

पोट

का राहायचंय?

मागच्या आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ आले, निळे पडलेले. जिवंत ऑक्टोपस खाताना एक तंगडी घशात चिकटली होती. मी जबडा वर धरला, डॉक्टरांनी लांब चिमटा घातला, तंगडी बाहेर आली, ती अजून वळवळत होती. म्हाताऱ्यांनी एक श्वास घेतला. दुसरा घेतला. मग माझा हात घट्ट धरून, रडवेल्या आवाजात विचारलं:

"बाळ, उरलेला ऑक्टोपस दुकानदाराने बांधून ठेवलाय ना?"

म्हणून. निळा माणूस लाल होताना पोटात जे होतं, त्यासाठी. डोळ्यांच्या ओपीडीत हे होत नाही. तिथं लोक भिंतीवरची अक्षरं वाचतात.

पण टाच. पण पाठ. पण तिसरं, ज्याबद्दल बोलत नाही.

पाठ, पुन्हा

तशीच घरी न जाता बायकांच्या सार्वजनिक न्हाणीघरात गेले. सकाळची वेळ, खिडकीतून तिरकं ऊन, वाफ. गरम हौदात हनुवटीपर्यंत बुडून बसले, हात तेवढे बाहेर कठड्यावर टाकले, आणि डोळे मिटले. उत्तर सापडलं नाही. भूक मात्र सापडली.

मग मालसुन मावशीची हाक आली. मालसुन मावशी इथं लोकांची अंगं घासते. काळी अंतर्वस्त्रं, हातात हिरवा खरखरीत मोजा, आणि आवाज असा की हौदातलं पाणी हलावं. ती घासताना बोलून सांगत नाही की आता वळ. कुशीवर दोन चापट्या मारते. चापट्या पडल्या की वळायचं. मी दिवसभर माणसं वळवते, उचलते, सरकवते. मला वळवणारी जगात ही एकटी.

रबरी पलंगावर मी पालथी. तिने पाठीवरच्या पट्ट्या टराटरा सोलल्या.

"पोरी, तुझी पाठ आहे की नोटीस बोर्ड?"

"ती आडवी राहू दे ना, मावशी. कालच लावलीय."

"पट्टीवरून घासू? पैसे पट्टीचे देणारेस का अंगाचे?"

गेली ती पण. चापट, चापट. मी डाव्या कुशीवर. मग उताणी. मावशीने डावा हात हातात घेतला, कोपराखालची एक पट्टी सोलायला नख घातलं आणि थांबली.

डावा हात

पट्टीखाली सुई होती.

सलाईनची. पहाटे आमच्याच पाळीतल्या नर्स थेओने चादरींच्या खोलीत लावलेली. अर्धी बाटली गेल्यावर अपघाताची केस आली, म्हणून त्याने नळी काढली, सुईला बूच लावलं, वर पट्टी मारली, "ताई, उरलेली नंतर," म्हणाला. नंतर चार्ज, नंतर मॅडम, नंतर बस. अंगावर इतक्या पट्ट्या असल्या की एक जास्त लक्षात येत नाही. मी, जी रोज घरी जाणाऱ्या पेशंटला दारात अडवून विचारते, "हात दाखवा, सुई काढली का?"

सगळे हात

गरम हौदातली बाई (ही बंदरावर ऑक्टोपस विकते): अगं बाई! ही हॉस्पिटलातून पळून आलीय!

थंड हौदातली (ही शाळेत स्वयंपाक करते): धरा तिला. दार लावा.

मालसुन मावशी: ओरडू नका गं. ही नर्सच आहे.

गरम हौद: नर्स? मग नर्सला सुई कुणी टोचली?

मी: दुसऱ्या नर्सने.

थंड हौद: का, सराव चालला होता?

मी: अशक्तपणा होता. आम्ही लावून घेतो मधे मधे.

गरम हौद: आणि मग परत कामाला?

मी: हो.

(कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील.)

गरम हौद: मी पण. मासळी बाजाराच्या मागचा दवाखाना. पिवळी बाटली लावतो तो, व्हिटॅमिनची. लघवी दिवसभर पिवळीधमक.

थंड हौद: मी सुट्टी लागली की. शाळा असताना पडून राहायला वेळ कुठाय?

मालसुन मावशी: माझा सोमवार. खांद्यात वेगळी सुई, हातात वेगळी.

आणि त्यांनी हात पुढे केले. ओले, वाफाळलेले, कोपराच्या खळगीत बारीक जुने ठिपके. मी ठिपके रोज बघते, पण हॉस्पिटलच्या पांढऱ्या दिव्याखाली, पेशंटच्या हातावर. इथं पेशंट कुणीच नव्हतं.

मी पलंगावर उठून बसले. मावशीने स्वच्छ रुमाल आणला. सुई मीच काढली, दाबून धरलं. ऑक्टोपसवाल्या बाईने हौदातूनच बजावलं, "जोरात दाब. चोळू नको." मी म्हटलं, "हो मावशी." "चोळू नका" हे मी दिवसातून कितीदा म्हणते, आणि लोक चोळतातच.

उजवी बाजू

रक्त थांबलं. मी पुन्हा आडवी झाले. डावा हात रुमालासकट बाजूला ठेवून मावशीने डावी मांडी, डावी पोटरी, डावा पाय घासला. टाचेवर जरा जास्त वेळ. मग उजवीकडे वळली, उजवा हात उचलला, आणि तिचा खांदा कडकन वाजला. तिने मोजा काढला.

"बोकसिल!" ती ओरडली. "ये. हिची उजवी बाजू राहिलीय."

बोकसिल ही दुसरी घासणारी, पलीकडच्या पलंगावर रिकामी होती. ती उठून आली, मोजा चढवला, घासायला लागली. मालसुन मावशी गरम हौदात उतरली, खांद्यापर्यंत.

मी मान वर केली. "मावशी, असं अर्ध्यात?"

"मग? पूर्ण झाल्यावर खांदा तुटला तर तो जोडायला तू येणारेस?"

"लोक काही म्हणत नाहीत?"

"म्हणतात की. एक बाई म्हणाली, डावीकडे जास्त चोळलंस, उजवीकडे कमी. मी म्हटलं, उद्या उलटी झोप."

"आणि बोकसिलताईंना राग नाही येत?"

बोकसिल घासता घासता म्हणाली, "येतो ना. रोज येतो. मग माझी पाळी आली की मी हिला हाक मारते, तेव्हा हिला येतो. फिटतं." चापट, चापट. मी वळले.

मी तिथं पडल्या पडल्या एकच गोष्ट परत परत ऐकत होते. चार शब्द. रुग्णाचं नाव नाही, इतिहास नाही, माफी नाही. काय राहिलंय तेवढं सांगितलं आणि बाई पाण्यात गेली. आणि माझं अंग स्वच्छ होतच राहिलं.

जीभ

दुसऱ्या दिवशी, पाळी सुरू व्हायच्या आधी.

"बोल," युक मॅडम म्हणाल्या.

"डोळ्यांच्या ओपीडीत दुसऱ्या कुणाला पाठवा. मी इथंच राहते."

"आणि कंबर?"

"म्हणूनच एक मागायचंय. जोड्या लावा. दोघा-दोघांच्या. एक जण जेवायला, पाणी प्यायला, बाथरूमला जाईल तेव्हा त्याचा ड्युटीचा फोन आणि पेशंट दुसऱ्याकडे. अर्धं काम असलं तरी. काय राहिलंय ते सांगायचं आणि जायचं."

"मध्येच चार्ज?"

"मध्येच."

"गर्दी असली की?"

"तेव्हाच तर पाहिजे. गर्दी नसताना आम्ही जातोच की."

"मध्ये दिलेल्या चार्जात चुका होतात, हेरिम. मी हे वीस वर्षं शिकवलंय."

"पाणी न प्यायलेल्या डोक्याने पण होतात, मॅडम. काल मी स्वतःच्या हातात सुई ठेवून अंघोळीला गेले."

थेओ मागे औषधांची गाडी लावत होता. त्याच्या हातातून काहीतरी पडलं.

"काय?" मॅडम म्हणाल्या. "कुठल्या अंघोळीला?"

सांगावं लागलं. ऑक्टोपसवाल्या बाईसकट सांगितलं. मॅडमनी ओठ दाबून धरले होते, पण "सराव चालला होता का" याला त्यांचं फसकन हसू निघालं, आणि मग त्या चटकन गंभीर झाल्या. थेओकडे वळल्या.

"चादरींच्या खोलीत आजपासून कुणाला बाटली लागली तर मला आधी दिसली पाहिजे. आणि तू हिची जोडी. आठवडाभर बघू. एक चूक झाली, तर बंद. आणि ही गेली खुर्चीत."

म्हणजे आता फक्त माझी कंबर नाही, माझं राहणंच पणाला लागलं होतं.

घसा

दुपार भरात आली. बेटावरून आलेल्या बोटीतून उलट्या करणारं अख्खं सहलीचं टोळकं उतरलं. मी एका आजींची शीर शोधत होते, मिळाली, सुई गेली, नळी जोडली. रक्त घेतलेलं होतं, प्रयोगशाळेत पाठवायचं राहिलं होतं. आणि मला जायचं होतं. खूप आधीपासून जायचं होतं. मी नेहमीसारखी मांड्या आवळून पुढच्या पलंगाकडे निघाले.

थेओ मध्ये आला. हात पुढे केला.

"ताई, फोन."

"हे एवढं करते आणि..."

"ताई. फोन. मला पण जायचंय, तुम्ही आल्याशिवाय मला जाता येत नाही. समजून घ्या."

मी फोन दिला. "आजी, चौथा पलंग. रक्त पाठवायचंय, नाव चिकटवलंय. बाकी झालं."

त्याने रक्ताच्या बाटलीवरचं नाव वाचलं, आजींच्या मनगटावरचं नाव वाचलं, मोठ्याने. "बरोबर. जा."

आजी कण्हत म्हणाल्या, "ही पोरगी कुठं चालली?"

"मुतायला, आजी," थेओ म्हणाला.

"मग बरं. जाऊ दे तिला."

बाथरूममध्ये मी बसले. खिशात सवयीने हात गेला, खिसा रिकामा. काहीच वाजत नव्हतं. नळाखाली तोंड धुतलं, थंड पाण्याचा पेला भरला, उभ्याने प्यायले, मग दुसरा भरला आणि तो बसून प्यायले. पाणी घशातून खाली जाताना कळत होतं. परत आले तेव्हा रक्त पोचलेलं होतं, आजी झोपलेल्या. थेओने दोन्ही फोन माझ्या हातात कोंबले, "दुसरा पलंग, अजून एकदा उलटी झाली, औषध दिलंय, वीस मिनिटांनी बघायचं," एवढं म्हणून पळाला.

मी बघितलं.

टाच दुखत होती. पाठ दुखत होती. एका पेल्याने टाच बरी होत नाही. पण आज पाळी संपेपर्यंत मी भिंत धरली नाही.

गुडघे

चौथ्या दिवशी. चूक झालेली नव्हती. दोन भांडणं झाली होती, एक डाळिंबाच्या सरबतावरून, ते जाऊ दे.

युक मॅडम टेबलापाशी उभ्या होत्या. त्या पाळीत कधी बसत नाहीत. त्या बसल्या नाहीत म्हणून त्यांच्यासमोर कुणी बसत नाही. कट्, कट् करत माझ्याजवळ आल्या. आवाज खाली आणून विचारलं,

"माझी जोडी कोण आहे?"

"मॅडम, तुमची... लावली नाहीये कुणी."

"का? मला मूत्राशय नाही?"

मी हात पुढे केला. त्यांनी आपल्या फोनकडे एकदा पाहिलं, एखाद्या नवशिक्या मुलीकडे पाहावं तसं, आणि माझ्या तळव्यावर ठेवला. "वरून फोन येईल, पलंग रिकामे किती विचारतील. खरं सांग, कमी सांगू नकोस. आणि मी जेवून पण येणार आहे."

"सावकाश या."

त्या कॉरिडॉरमधून गेल्या. गुडघे वाजत होते आणि आम्ही सगळे या वेळी ऐकत होतो. त्यांच्या मागे दार लागलं.

फोन थरथरला.

"इमर्जन्सी," मी म्हटलं. "नाम हेरिम बोलतेय."