टोरोन्तेसचा वास

सुनेत्राला वास येणं बंद झालं जानेवारीत, फ्लूनंतर. ताप उतरला, खोकला थांबला, पण कॉफी म्हणजे नुसतं गरम कडू पाणी झालं. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात येईल, वर्षानं येईल, कदाचित येणारही नाही.

दुसऱ्या कुणाचं निभावलं असतं. सुनेत्रा लंडनमध्ये, क्रॉयडनच्या एका वाइन आयात करणाऱ्या कंपनीत टेस्टर होती. नाशिकच्या वायनरीत तीन हंगाम काढून ती २००३ साली वर्क परमिटवर इथे आली. परमिट याच कंपनीचं, याच कामाचं. आता, २००७ मध्ये, मुदतवाढीचा अर्ज गेला होता आणि त्यासोबत तिचा आणि नवऱ्याचा, पुष्करचा, पासपोर्टही. पुष्करचा व्हिसा तिच्या व्हिसावर अवलंबून, आणि त्याची बँकेतली नोकरी त्या व्हिसावर. भारतात जाऊन यायचं म्हटलं तरी हातात पासपोर्ट नाही.

“शिक्का बसेपर्यंत कुणाला बोलू नकोस,” पुष्कर म्हणाला. “तोवर मी आहे ना.”

फेब्रुवारीत अर्जेंटिनाहून बारा नमुने आले. उत्तरेकडच्या साल्टा प्रांतात, सतराशे मीटरच्याही वर, डोंगरात पिकणाऱ्या टोरोन्तेस नावाच्या द्राक्षाची ही पांढरी वाइन. मोठी फसवी. नाकाला फुलासारखी गोड, जिभेवर कोरडी, शेवटी किंचित कडवट. तिची निम्मी मजा वासातच. एका सुपरमार्केटसाठी बारातली एक सुनेत्रानं निवडायची होती.

तिनं थोडी थोडी वाइन जॅमच्या बरण्यांत भरली आणि ईलिंगला घरी नेली. किचनमध्ये पुष्कर एकेक बरणी हुंगायचा, ती लिहून घ्यायची. आंबटपणा, कडवटपणा तिला जिभेवर कळत होता. बाकीचं सगळं त्याचं. सातव्या बरणीवर तो थबकला. “गुलकंद. आणि संत्र्याची साल.” तिनं सातवी निवडली.

शेवटच्या टेस्टिंगला सुपरमार्केटच्या बाई आल्या. सुनेत्राचा बॉस ग्रॅहम यानं सात नंबरची नवी बाटली उघडली. सुनेत्रानं ग्लास फिरवला, नाकाशी नेला आणि गुलकंद इंग्रजीत समजावून सांगू लागली. बाईंनी आपला ग्लास हळूच खाली ठेवला. ग्रॅहमनं हुंगलं. बूच खराब निघालं होतं. वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. आठवडाभर शिकलेल्यालाही तो कळला असता.

ग्रॅहमनं काहीतरी विनोद करून दुसरी बाटली उघडली. बाईंना ती आवडली, ऑर्डरही ठरली. त्या गेल्यावर तो टेबल आवरता आवरता म्हणाला, “सर्दी दिसतेय तुला. दोन दिवस घरी राहा.”

एवढ्यावर भागलं असतं. नुसती मान डोलवायची होती. पण पुढची बाटली, त्यापुढची, पुन्हा त्या बरण्या, पुन्हा पुष्करचं नाक... सुनेत्रानं हातातला ग्लास टेबलावर ठेवला.

“सर्दी नाहीये,” ती म्हणाली. “जानेवारीपासून मला कसलाच वास येत नाही.”

ग्रॅहम चिडला नाही. त्यानं हातातल्या फडक्याची घडी केली. मग म्हणाला की टेस्टर म्हणून तिच्या अर्जासोबत कंपनीनं दिलेलं पत्र आता त्याला तसंच ठेवता येणार नाही. त्याला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. त्याच आठवड्यात कंपनीनं पत्र मागे घेतलं.

“दोन महिने थांबता आलं नाही तुला?” पुष्करनं विचारलं. त्यानंतर तो कामापुरतंच बोलायचा.

एप्रिलमध्ये नकाराचं पत्र आलं, सोबत दोन्ही पासपोर्ट. सुनेत्रा पाकीट घेऊन किचनमध्ये आली तेव्हा पुष्कर मिरचीची फोडणी देत होता. तिला जोराचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं गॅस बंद केला, खिडकी उघडली.

“वास आला?” त्यानं घाईनं विचारलं.

“नाही. नुसतं झोंबलं.”

त्यानं तिला पाणी दिलं. ती पिईपर्यंत तो तिथेच उभा राहिला. मग पाकिटातले पासपोर्ट काढून त्यानं टेबलावर ठेवले, आणि तिकिटं कुठल्या तारखेची काढायची ते ठरवायला दोघं समोरासमोर बसले.