दोन रंगांचा गोल जिना

मी एक गोल जिना बोलतोय. लोखंडी. एका दुमजली घराच्या मागच्या अंगणातून निघतो आणि स्वतःभोवती फिरत फिरत वरच्या गॅलरीत पोचतो. सरळ जायची सवय नसल्यामुळे बोलतानाही थोडी वळणं घेईन, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. आधी मी नुसताच पसारा होतो. इथे पाइप, तिथे पत्रे, कोपऱ्यात लोखंडी पट्ट्यांची चळत. वेल्डरने मधला खांब उभा केला आणि त्याला एकेक पायरी जोडत गेला, तेव्हा कुठे मला माझी ओळख पटली. मग लाल अस्तराचा एक हात, त्यावर हिरव्या रंगाचा एक हात, आणि टेम्पोतून माझी स्वारी निघाली. माझं एक टोक टेम्पोच्या बाहेर आलं होतं, म्हणून त्याला लाल फडकं बांधलं होतं. तो माझा सत्कार आहे, अशी माझी बरेच दिवस समजूत होती.

ज्यांनी मला आणलं त्या गृहस्थांना दोन मुलगे. थोरला खालच्या मजल्यावर राहणार, धाकटा वरच्या. दोघांची पुढची दारं वेगवेगळी, रस्त्यावर उघडणारी. "एका भावाला दुसऱ्याकडे चहाला जायचं, तर रस्त्यावरून जायचं का? मग ते पाहुणेच झाले," असं म्हणून त्यांनी मला मागच्या बाजूला उभं केलं. पुढे ते गेले, मी राहिलो.

थोरल्याला सगळे दादा म्हणतात. धाकट्याचे केस पांढरे झाले तरी तो अजून छोट्याच आहे. दोघांची लग्नं झाली, थोरली आणि धाकटी अशा दोघी जावा घरात आल्या, आणि माझे खरे सुखाचे दिवस सुरू झाले. दिवसभर माझ्यावर पावलं वाजायची. रिकामी वाटी वर जायची, भरून खाली यायची. दादा चढताना गुणगुणायचा, तेही बेसूर. छोट्या उतरताना शेवटच्या पायऱ्या गाळून उडी मारायचा आणि वरून धाकटी ओरडायची, "अहो, वय काय आपलं!" माणसांची एक गंमत मला उभ्या उभ्या कळली. माणूस काहीतरी काम घेऊन तरातरा वर जातो आणि वर पोचला की दारात उभा राहून विचारतो, "मी कशाला आलो होतो बरं?" मला ठाऊक असायचं. साखर न्यायला. पण मला विचारतो कोण?

आता माझ्या दुखण्याकडे येतो. ऊनपाऊस अंगावर घेणाऱ्या लोखंडाला गंज चढणारच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण या घरात गंज दिसला की कुणीतरी रंगाचा डबा आणायचं आणि गंजावरच ब्रश फिरवायचं. पाहुणे येणार आहेत, मार रंग. फोटो काढायचे आहेत, मार रंग. आधी खरवडायला हवं, हे कुणाच्या गावीही नाही. हिरव्यावर निळा, निळ्यावर तपकिरी, असे थर चढत गेले आणि सगळ्यांच्या खाली गंज आपला मजेत मला खात बसला. वरून मी टवटवीत दिसायचो. पाहुणे म्हणायचे, "जिना छान ठेवलाय हो." मी आतून करकर वाजायचो, तर घरातले म्हणायचे, "जुना झालाय, आवाज करायचाच."

मग व्हायचं ते झालं. एका सकाळी छोट्या नेहमीसारखा खाली येत होता आणि वरच्या एका पायरीतून त्याचा पाय आरपार गेला. घोटा चांगलाच मुरगळला. आवाज ऐकून दादा धावत आला. पण छोट्याकडे बघायच्या आधी तो पायरीकडे बघून म्हणाला, "दुरुस्त करून घे म्हणून तुला किती वेळा सांगितलं होतं."

"मी का करू? जिना तुझ्या अंगणात आहे," छोट्या कण्हत म्हणाला.

"जातो तुझ्या गॅलरीत."

भांडण इतकंच. मी धड होतो तोवर दोघेही मला आपला जिना म्हणायचे, आणि पाय अडकल्याबरोबर मी एकदम दुसऱ्याचा झालो. छोट्याने गॅलरीचं दार लावून घेतलं, दादाने माझ्या खालच्या पायरीला आडवी दोरी बांधली, आणि दोघा भावांचं बोलणं बंद पडलं. घोटा बरा झाला, अबोला काही बरा होईना. दोघी जावा अंगणातून गॅलरीत आणि गॅलरीतून अंगणात ओरडून बोलायच्या. त्यामुळे आमच्याकडे आज कुठली भाजी आहे, हे सगळ्या गल्लीला कळायला लागलं.

शेवटी दादाने गॅस कटरवाल्याला सांगितलं. त्याने सोमवारी येऊन मला कापून न्यायचं ठरलं. छोट्याकडे निरोप गेला, तर त्याचंही तेच म्हणणं. बऱ्याच दिवसांनी दोघांचं एकमत झालं, ते माझा जीव घेण्यावर. भंगारात गेलेलं लोखंड वितळून पुन्हा काहीतरी होतंच, त्यामुळे माझी मला फारशी चिंता नव्हती. पण मी गेलो की या दोन घरांमध्ये फक्त रस्ता उरणार होता, आणि तोंड फुगवून बसलेली माणसं रस्त्यावरून फिरून एकमेकांकडे जात नाहीत.

दोघी जावा स्वस्थ बसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी गुपचूप मामांना बोलावून घेतलं. हे या दोघा भावांचे सख्खे मामा. उभा जन्म जहाजं रंगवण्यात गेलेला, त्यामुळे घरातसुद्धा समोर समुद्र खवळल्यासारखं मोठ्याने बोलतात. आले ते पिशवीतून हातोडी काढतच.

"जहाजं रंगवलीत मी, जहाजं. ती खाऱ्या पाण्यात उभी असतात. तुमच्या या जिन्याला असं काय झालंय?"

मग त्यांनी मला खालपासून वरपर्यंत ठोकून पाहिलं. जिथे ठण्ण आवाज आला तिथे मान हलवली, जिथे ठप्प आला तिथे खडूने फुली मारली. माझा जीव टांगणीला लागला होता. वर पोचल्यावर ते म्हणाले, "खांब भक्कम आहे. तीन पायऱ्या गेल्यात, त्या नव्या बसवू. बाकी सगळं दुखणं कातडीचं आहे. सोमवारपर्यंत जिना माझ्या ताब्यात, आणि ही दोन्ही गाढवं माझ्या हाताखाली." मामांपुढे दोघांचीही बोलती बंद होते. तशी ती आधीपासून बंदच होती.

वेल्डर येऊन तीन पायऱ्या बसवून गेला आणि खरवडणं सुरू झालं. काय सांगू तुम्हाला ते सुख! पाठीला हात पोचत नाही तिथे खाज सुटावी आणि कुणीतरी नेमकं तिथेच खाजवावं, तसं मला झालं. दादा खाली, छोट्या वर, मधे दोघी जावा. सगळ्यांच्या डोळ्यांना चष्मा, तोंडाला फडकं. पातळ पट्टीने पोपडे काढायचे, तारेच्या ब्रशने गंज घासायचा, मग पॉलिश पेपर. तपकिरी रंग गेला, निळा गेला, खाली हिरवा दिसला.

"ताई, तुम्ही आलात तेव्हा हा रंग होता का?" धाकटीने विचारलं.

"अगं हो. नवी नवरी म्हणून पहिल्यांदा वर गेले आणि हाताला हिरवा रंग घेऊन आले. लग्नासाठी पुन्हा तोच रंग दिला होता, आणि ओला आहे हे यांनी सांगितलंच नाही."

घासून झाल्यावर मामांनी थिनरच्या फडक्याने माझं सगळं अंग पुसून घेतलं आणि दटावलं, "आता उघड्या हाताने कुणी शिवायचं नाही. घाम लागला की तिथूनच गंज धरतो. आणि अस्तर आजच्या आज. लोखंड असं उघडं ठेवलं तर सकाळपर्यंत पुन्हा तांबूस होईल." मी तसा उघडाबोडका, चांदीसारखा चकाकत उभा होतो आणि शेजारीपाजारी खिडकीतून बघत होते. इतकं लाजल्यासारखं मला कधी झालं नव्हतं.

संध्याकाळच्या आत अस्तर लागलं, गंज रोखणारं, लालसर. आधी सांधे आणि कोपरे, मग सपाट भाग, कारण गंज कोपऱ्यात दबा धरून बसतो, असं मामांचं म्हणणं.

"मामा, हाच रंग राहू द्या ना. किती छान दिसतोय," थोरली म्हणाली.

"अगं, हे बनियन आहे. सदरा अजून घालायचाय."

अस्तर पुरतं वाळलं तो दिवस रविवारचा. सदऱ्याचा रंग कुठला, यावर घोडं अडलं.

"मामा, त्याला सांगा, करडा लावायचा. मळत नाही," दादा म्हणाला. छोट्या त्याच्या शेजारीच उभा होता.

"मामा, त्याला सांगा, करडा तुरुंगाला लावतात. पिवळा लावू."

मामा वैतागले. "खालचा अर्धा करडा, वरचा अर्धा पिवळा. आपापला रंगवा आणि माझं डोकं खाऊ नका. आणि हे बघा, एक आड एक पायरी रंगवायची." एवढं बोलून ते अंगणातल्या खुर्चीत आडवे झाले आणि घोरायला लागले. दोघे भाऊ एकमेकांचं न ऐकण्यात इतके गुंतले होते, की मामांचंही ऐकायचं राहून गेलं.

दादाने आपल्या दारापासून सुरुवात केली. एक पायरी रंगवायची, कठडा रंगवायचा, उलट्या पावली एक पायरी वर चढायचं. छोट्याने गॅलरीपासून सुरुवात केली. तोही तसाच, पण खाली येत. दोघांच्या पाठी एकमेकांकडे. पुढे काय होणार ते मला स्वच्छ दिसत होतं, आणि खरं सांगू, मी सांगू शकलो असतो तरी सांगितलं नसतं.

मधोमध दोघांच्या पाठी एकमेकांवर आपटल्या. खाली ओला करडा, वर ओला पिवळा, कठडाही ओला, आणि दोघांमध्ये मिळून कोरडी पायरी एकच.

"मामा, याला सांगा, सरक म्हणून," दादा म्हणाला.

मामा घोरत होते.

"कुठे सरकू?" छोट्याने विचारलं. मामांना न सांगता, थेट.

आवाज ऐकून दोघी जावा बाहेर आल्या आणि हसून हसून त्यांची पुरेवाट झाली. छोट्याने हळूच एक पाय उचललेला पाहून धाकटी म्हणाली, "खबरदार रंगावर पाय ठेवलात तर. कंबर मोडेपर्यंत घासलंय आम्ही."

"मग शिडी तरी आणा," दादा म्हणाला.

"शिडी?" थोरलीने धाकटीकडे पाहिलं. "आपल्याकडे शिडी आहे का गं?"

"नाही बाई, मी तर कधी बघितली नाही."

शिडी मामांच्या खुर्चीमागे, वाळत घातलेल्या चादरीच्या आड भिंतीला टेकून उभी होती. मला दिसत होती. त्या दोघींनाही दिसत होती. धाकटीने पुढच्या बाजूने वर जाऊन गॅलरीतून दोरीने टोपली सोडली. तिच्यात चहाचा थर्मास आणि दोन कप. दोघे भाऊ नाइलाजाने त्या एवढ्याशा पायरीवर खांद्याला खांदा लावून बसले. बराच वेळ फुंकर मारण्याचाच आवाज येत होता.

"पाय कसा आहे?" दादाने कपात बघत विचारलं.

"आता विचारतोस?"

"आता तरी विचारतोय. उजवाच ना?"

"डावा."

"मग उजवा बरा असणारच."

छोट्याला आधी ठसका लागला, मग हसू फुटलं. दादालाही आवरेना. दोन भरभक्कम माणसं हसत होती आणि त्यांच्याबरोबर मी खांबापासून कठड्यापर्यंत हलत होतो. हसणं ओसरल्यावर छोट्या हळू आवाजात म्हणाला, "माझा पाय अडकला तेव्हा तू आधी पायरीकडे बघितलंस, दादा."

"घाबरलो होतो रे. तुझ्याकडे बघायची हिंमत होईना." दादाने त्याचा कप घेतला आणि पुन्हा भरून दिला. मला इतकं भरून आलं, की मी लोखंडाचा आहे हे बरं झालं.

तेवढ्यात मामा जागे झाले. "गाढवांनो, एक आड एक पायरी म्हणालो होतो, उतरायला कोरडी राहावी म्हणून! आणि ही शिडी काय शोभेला ठेवलीय?" म्हणत त्यांनी चादर बाजूला केली.

दोघा भावांनी शिडीकडे पाहिलं, मग आपापल्या बायकांकडे.

"असू द्या मामा," दादा म्हणाला. "चहा संपू दे."

ते उतरले तेव्हा ऊन कलायला आलं होतं. ती पायरी नंतर मामांनी शिडीवर उभं राहून दोन्ही डब्यांतलं उरलेलं एकत्र करून रंगवली. त्या रंगाला काय म्हणायचं, हे अजून ठरायचं आहे. रंग दोन दिवस वाळू द्यायचा असं मामांनी बजावलं होतं. सोमवारी गॅस कटरवाला आला आणि बराच वेळ खालची बेल वाजवत राहिला. दादा रस्त्यावरून वर चहाला गेला होता.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी अजून तसाच आहे, खाली करडा, वर पिवळा. दर वर्षी एका रविवारी दोघे भाऊ डबे घेऊन येतात. मामा एक आड एक पायरी रंगवायला सांगतात, दोघे माना डोलावतात आणि आपापल्या दारापासून सुरुवात करतात. मधल्या पायरीवर धाकटीने आधीच गादी आणि थर्मास ठेवलेला असतो. दोघे तिथे दिवस मावळेपर्यंत अडकून बसतात, आणि शिडी कुणीही मागत नाही.

जाता जाता एक विनंती. तुमच्याकडे कुठे लोखंड असेल, तर त्याच्या गंजावर रंग फासू नका. आधी नीट घासा, त्याच दिवशी अस्तर द्या, मग रंग लावा. असं रंगवलेलं लोखंड वर्षानुवर्षं टिकतं, दर वर्षी रंगवायची काहीएक गरज नसते. मामांना हे पुरेपूर ठाऊक आहे, पण ते अवाक्षर काढत नाहीत. तुम्ही कधी आमच्याकडे आलात, तर या दोघांना तेवढं सांगू नका.