टकळीची मगर

मी मगर बोलतेय. दचकू नका, पाण्यातली नव्हे. हात घालून नाचवायची, कापडी. अंग हिरव्या मखमलीचं, दात जाड पांढऱ्या लोकरी कापडाचे, आणि डोळे म्हणजे कोटाची दोन न जुळणारी बटणं. पण मगर ती मगरच. एकदा धरलं की सोडत नाही. एका बाईंवर मी दात धरून होते. का, ते आज सांगून टाकते.

माझा जन्म सोफ्यांच्या खोळी शिवणाऱ्या एका कारागिराच्या हातचा. कुणाच्या तरी दिवाणखान्याचं काम संपलं, वीतभर मखमल उरली, आणि त्यानं जेवणाच्या सुट्टीत आपल्या लेकीसाठी मला शिवलं. ती लेक दिवसभर माझे दात तपासायची. "आ कर. मोठ्ठा आ कर. किडलाय गं बाई!" रोज तोच रोग, रोज तेच औषध. माझ्या आयुष्यात त्याहून चांगले दिवस आले नाहीत. पुढं ती मोठी झाली आणि तिनं मला धुऊन, वाळवून, गल्लीच्या टोकाला असलेल्या पाळणाघरात दिलं. "तिथं पुष्कळ मुलं आहेत, हिला करमेल," म्हणाली. बिचारीला काय ठाऊक!

पाळणाघर चालवणाऱ्या बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. पालकांसमोर त्यांच्या जिभेवर साखर असे. दार लागलं की निराळा अवतार. मी हातात आले तेव्हा त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं आणि स्वयंपाकाच्या मावशींना म्हणाल्या, "बरी आहे. कामाला येईल."

माझं काम होतं मुलांना धाक घालणं. जेवलं नाही, मगर येईल. झोपलं नाही, मगर येईल. मोठ्या बाई हात घालायच्या आणि माझा जबडा त्या एवढ्याएवढ्या गालांवर फटफट वाजवायच्या. ज्या तोंडातले किडके दात एका पोरीनं रोज बरे केले, त्याच तोंडानं मी पोरांची झोप उडवत होते. माझा नाइलाज होता. कापडाला हात आतून हलवतो. पण मनात एकेक नोंद होत होती.

तिथं एक पाच वर्षांची मुलगी होती. आईबाप तिला टकळी म्हणत, कारण तिचं तोंड क्षणभर मिटत नसे. जेवताना बोलायची, चपला घालताना बोलायची, झोपेतसुद्धा कुणाला तरी काहीतरी समजावून सांगायची. एका दुपारी बाकीची मुलं झोपलेली असताना तिनं शेजारच्या मुलीला डासाची गोष्ट सांगायला घेतली, आणि दोघी खुदकन हसल्या.

मोठ्या बाईंनी तिला दंडाला धरून कोठीच्या खोलीत नेलं. मला खुंटीवरून काढलं, तिच्या ओठांना लावलं आणि म्हणाल्या, "आता बोललीस ना, की ही जीभ खाणार. घरी जाऊन सांगितलंस तरी खाणार. हिला सगळं ऐकू येतं." मग मला तिच्या मांडीवर टाकलं आणि दार लावून घेतलं.

ती रडलीसुद्धा नाही. रडण्याचा आवाज होतो ना! दोन्ही हातांनी तोंड दाबून ती माझ्याकडं बघत बसली, आणि मी तिच्याकडं. अर्ध्या तासानं दार उघडलं. त्या अर्ध्या तासात मी ठरवलं, या बाईंचा सूड घेईन तेव्हाच माझ्या जिवाला थंडावा मिळेल.

टकळी त्या दिवसापासून बोलायची थांबली. घरी नाही, शेजारी नाही, कुठंच नाही. कानाच्या डॉक्टरांनी कान पाहिले, घशाच्या डॉक्टरांनी घसा पाहिला. सगळं ठीक. रात्री अंथरूण ओलं होऊ लागलं, घास तोंडाशी नेला की मान फिरू लागली. आईला काही उमजेना. पाळणाघर मानवलं नसेल, म्हणून तिनं तिला तिथून काढलं, एवढंच.

स्वयंपाकाच्या मावशींना मात्र सगळं माहीत होतं. पोटासाठी त्या गप्प होत्या. एकदा बाजारात त्यांना टकळी आईबरोबर दिसली. मावशींची पिशवी हिरवी होती. ती पाहताच पोर आईच्या मागं अशी लपली, की मावशींच्या हातातलं वांगं खाली पडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नोकरी सोडली, जाताना मला भाजीखाली घालून बाहेर काढलं आणि थेट टकळीच्या घरी गेल्या. पदरानं डोळे पुसत सगळं सांगितलं. "मी त्याच वेळी बोलायला हवं होतं, बाई. माझं चुकलं."

आई उठून उभीच राहिली. "कुठं आहे ती? झिंज्या उपटते तिच्या!" पिशवीच्या तळाशी मी मनात म्हटलं, शाब्बास! चला, मलाही घेऊन चला. पण बापानं तिला अडवलं. आधी पोरीचं बघू, म्हणाला. असा संताप आला मला त्याचा!

अशी मी खेळताईंकडं आले. मुलांच्या मनावर खेळातून उपचार करणाऱ्या त्या ताई. खोली साधीच. बुटक्या खुर्च्या, वाळूचं मोठं तबक, बाहुल्यांचं घर, रंग, माती, ठोकळे. बाप पहिल्या दिवशी म्हणाला, "ताई, वाळूत तर ती घरामागंही खेळते. त्यासाठी इथं कशाला?"

"घरामागं तिच्या शेजारी कोण बसतं?" ताईंनी विचारलं. "मोठ्यांना दुखलं की ते सांगतात. हिला सांगायचीच भीती घातलीय. मग ती खेळून दाखवेल. मी घाई करणार नाही, तुम्हीही करू नका."

ताईंनी मला पारदर्शक डब्यात घालून, झाकण लावून, खालच्या फळीवर ठेवलं होतं. टकळीनं मला पाहिलं आणि भिंतीला चिकटली. ताई तिथंच फरशीवर बसल्या. "ती डब्यात आहे. झाकण तू म्हणशील तेव्हाच उघडायचं. नाही म्हणालीस, तर कधीच नाही." तीन आठवडे टकळी माझ्याकडं पाठ करून वाळूत खड्डे खणत राहिली. चौथ्या आठवड्यात तिनं डब्याला लाथ मारली. पाचव्यात झाकण काढलं.

आणि मग माझी जी काही पूजा झाली, विचारू नका! लाकडी चमच्यानं बडवलं, तोंडात वाळू कोंबली, शेपटीला धरून भिंतीवर आपटलं. ताई फक्त जे दिसतंय ते बोलत. "मगरीला मार बसतोय. खूप राग आलाय." थांब म्हणाल्या नाहीत. एकदा चमचा त्यांच्याकडं वळला तेव्हा तेवढं म्हणाल्या, "मगरीला मारता येईल. मला नाही." मला एकही फटका लागला नाही. मी मनातून ओरडत होते, मार! आणखी मार! हा मार कुणाच्या नावाचा आहे ते मला माहीत आहे!

आठव्या आठवड्यात तिनं मला वाळूत गळ्यापर्यंत पुरलं, वर ठोकळ्यांची भिंत रचली आणि ओठ माझ्या कानाशी आणून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तू बोलायचं नाही."

सात महिन्यांनी आलेला तो पहिला आवाज. ताईंचे डोळे भरले, पण त्या उडी मारून उठल्या नाहीत, टाळ्या वाजवल्या नाहीत. "मगरीनं बोलायचं नाही," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर टकळीनं बाहुल्यांच्या घरातली एक बाई काढली आणि माझ्या जबड्यात दिली. चाव! मी चावले. पुढच्या आठवड्यात पुन्हा. किती आठवडे त्या बाहुलीला मी चघळत होते, काय सांगू! असा गोड घास आयुष्यात खाल्ला नाही. घरी टकळी आता आईशी कुजबुजू लागली होती, अंथरूण कोरडं राहू लागलं होतं, ताटातली भाजी संपत होती.

इकडं आईबापांनी तक्रार लिहून दिली, मावशींनी साक्ष दिली, आणखी चार घरांतली माणसं पुढं आली. चौकशी लागली. तेव्हा मोठ्या बाई एका दुपारी न विचारता खेळताईंकडं येऊन धडकल्या. बुटक्या खुर्चीत बसल्या, गुडघे हनुवटीला टेकले.

"तुम्ही एवढंच लिहून द्या, की मूल मुळातच अबोल होतं," म्हणाल्या. "माझी बारा वर्षांची मेहनत आहे हो."

"मुलांचा खेळ मी कुणाला सांगत नाही," ताई म्हणाल्या. "पण खोटंही लिहीत नाही. तुम्ही जा. मुलं यायची वेळ झाली."

त्या उठायच्या आत दार उघडलं. आईचा हात धरून टकळी उभी होती. ताई झटकन मध्ये आल्या, आईनं पोरीला मागं ओढलं. पण टकळी हात सोडवून फळीकडं गेली आणि मला हातात चढवलं. माझ्या अंगात वीज गेली. आली वेळ! ती पावलं टाकत मोठ्या बाईंसमोर गेली. मोठ्या बाई मागं सरकल्या, खुर्ची कलंडली. मी जबडा उघडला.

टकळीनं मला त्यांच्या नाकासमोर धरलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ही कुणाची जीभ खात नाही. ही कापडाची आहे. तुम्ही खोटं सांगितलं, बाई."

मोठ्या बाई आईकडं बघून कसंनुसं हसल्या. "मुलं काय, काहीही..."

"चला, बाहेर," आई म्हणाली. एकदा झिंज्या उपटायला निघालेल्या तिनं फक्त दार उघडून धरलं.

महिन्याभरात पाळणाघराची पाटी उतरली. बाईंना मुलं सांभाळायला बंदी झाली. सगळे म्हणाले, न्याय झाला. माझं विचाराल, तर मला एक चावा हवा होता. अजूनही हवा आहे. मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. टकळीला मात्र त्याची गरज उरली नाही. दोन महिन्यांनी तिनं मला बाजूला सारून फळीवरच्या कापडी सशाला उचललं, त्याला शाळेत घातलं आणि तासभर त्याच्याशी अखंड बडबडली. शेवटच्या दिवशी तिनं माझा निरोपसुद्धा घेतला नाही. मला वाईट वाटलं नाही. औषधाच्या बाटलीचा कुणी निरोप घेतं का?

त्याला आता नऊ वर्षं झाली. माझे दात दोनदा नवे बसवले, पाठ चार ठिकाणी शिवली आहे. रोज कुणी ना कुणी मला बदडतं, बुडवतं, पुरतं. येऊ दे. मुलांनो, तुमचा सगळा राग माझ्यावर काढा. माझं काही मोडत नाही.

आणि मोठ्यांनो, तुमच्या घरात एखादं मूल खेळण्याला मारत असेल, तर त्याचा हात धरू नका. शेजारी फरशीवर बसा आणि बघा, हा मार कुणाच्या नावाचा आहे. तो तुमच्याच नावाचा निघाला, तर आजच सुधारा. कारण त्या मुलांना पुढं विसर पडतो. मला पडत नाही.